अव्हेंजर्स: एंडगेमच्या शेवटावरील चाहत्यांच्या प्रतिक्रिया

अव्हेंजर्स: एंडगेम हा मार्व्हल स्टुडिओजची निर्मिती असलेला आणि २०१९ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन सुपरहिरो चित्रपट आहे. अँथनी रुसो आणि जो रुसो या बंधूंनी त्याचे दिग्दर्शन केले असून पटकथा ख्रिस्तोफर मार्कस व स्टीफन मॅकफीली यांची आहे. चित्रपटाच्या अखेरीस टोनी स्टार्क ऊर्फ आयर्न मॅन या पात्राचा मृत्यू होतो आणि स्टीव्ह रॉजर्स ऊर्फ कॅप्टन अमेरिका आपल्या कार्यातून निवृत्त होतो. त्याआधी नताशा रोमानॉफ ऊर्फ ब्लॅक विडो हिने प्राणार्पण केलेले असते. या तीन घटनांवर जगभरातील चाहत्यांनी दिलेल्या प्रतिक्रिया चित्रपटाच्या व्यावसायिक यशाइतक्याच चर्चिल्या गेल्या.

या प्रतिक्रिया एकसारख्या नव्हत्या. टोनी स्टार्कच्या मृत्यूवर चित्रपटगृहांत उघडपणे अश्रू ढाळले गेले आणि तो शेवट बहुतांश चाहत्यांनी योग्य म्हणून स्वीकारला. स्टीव्ह रॉजर्सच्या निर्णयावर मतभेद झाले. नताशाचा अंत्यविधी न दाखवल्याबद्दल नाराजी व्यक्त झाली. काल्पनिक पात्राच्या मृत्यूचा सार्वजनिक शोक का केला जातो आणि कोणत्या पात्राच्या वाट्याला तो शोक येतो, हे दोन्ही प्रश्न या निमित्ताने पुढे आले.

पार्श्वभूमी

मार्व्हल सिनेमॅटिक युनिव्हर्स या चित्रपटमालिकेची सुरुवात मे २००८ मध्ये आयर्न मॅन या चित्रपटाने झाली. एंडगेम हा मालिकेतील २२वा चित्रपट होय. स्वतंत्र कथानके असलेले हे चित्रपट परस्परांशी जोडलेले होते आणि एका चित्रपटातील घटनेचे परिणाम पुढील चित्रपटांत दिसत. ज्या प्रेक्षकांनी पहिला चित्रपट शाळकरी वयात पाहिला, ते एंडगेम प्रदर्शित होईपर्यंत महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण करून नोकरीधंद्याला लागलेले होते. अकरा वर्षांच्या या सहवासाचा उल्लेख चाहत्यांच्या प्रतिक्रियांत वारंवार आढळतो.

आयर्न मॅन हे पात्र १९६३ साली मार्व्हलच्या चित्रकथांत प्रथम अवतरले. परंतु २००८ पूर्वी त्याची लोकप्रियता सुपरमॅन, बॅटमॅन किंवा स्पायडर-मॅन यांच्या तुलनेत मर्यादित होती. ही भूमिका करणारे रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांची कारकीर्द व्यसनाधीनता आणि तुरुंगवास यांमुळे एकेकाळी जवळपास संपुष्टात आली होती. आत्मकेंद्री शस्त्रनिर्मात्यापासून इतरांसाठी प्राण देणाऱ्या नायकापर्यंतचा टोनी स्टार्कचा प्रवास आणि अभिनेत्याचे पुनरागमन या दोन गोष्टी अनेक प्रेक्षकांच्या मनात एकमेकींत मिसळल्या.

एंडगेमपूर्वीचा अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर हा चित्रपट एप्रिल २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या शेवटी थॅनोस हा खलनायक सहा इन्फिनिटी स्टोन्सच्या बळावर चुटकी वाजवतो आणि विश्वातील निम्मे सजीव धुळीत विरून जातात. सुपरहिरोपटात खलनायकाचा विजय होऊन पडदा पडणे प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेले नव्हते. टोनीच्या मिठीत विरून जाणाऱ्या किशोरवयीन स्पायडर-मॅनचे दृश्य विशेष परिणामकारक ठरले. या धक्क्याला चाहत्यांनी विनोदाचीही जोड दिली. जुलै २०१८ मध्ये रेडिट या संकेतस्थळावरील थॅनोसला वाहिलेल्या एका समूहाने चुटकीचे अनुकरण म्हणून आपल्या निम्म्या सदस्यांना एकाच वेळी समूहाबाहेर काढले. बाहेर पडलेल्यांची संख्या तीन लाखांहून अधिक होती आणि बाहेर काढले जाणे हा त्यांनी बहुमान मानला.

दोन चित्रपटांमधील हे वर्ष अंदाज बांधण्यात गेले. इन्फिनिटी वॉरमध्ये डॉक्टर स्ट्रेंज हे पात्र १,४०,००,६०५ संभाव्य भविष्ये पाहते आणि त्यांपैकी केवळ एकात विजय मिळतो असे सांगते. त्या एका भविष्याची किंमत कोणाला मोजावी लागेल, हा चाहत्यांच्या चर्चेचा मुख्य विषय होता. मूळ सहा अव्हेंजर्सपैकी कोणीतरी मरणार, अशी अपेक्षा त्यामुळे आधीपासूनच निर्माण झाली होती.

शेवटाचे स्वरूप

अंतिम युद्धात टोनी स्टार्क थॅनोसच्या हातातील इन्फिनिटी स्टोन्स हस्तगत करतो आणि आपणच आयर्न मॅन असल्याचे उच्चारून चुटकी वाजवतो. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी पत्रकार परिषदेत त्याने हेच वाक्य उच्चारले होते. थॅनोसचे सैन्य नष्ट होते, मात्र स्टोन्सच्या ऊर्जेने टोनीचे शरीर होरपळते. पत्नी पेपर पॉट्स, मित्र जेम्स ऱ्होड्स आणि पीटर पार्कर यांच्या सान्निध्यात तो प्राण सोडतो.

हे वाक्य मूळ चित्रीकरणात नव्हते. संकलनाच्या टप्प्यावर संकलक जेफ फोर्ड यांनी ते सुचवले आणि २०१९च्या प्रारंभी दृश्याचा तो भाग नव्याने चित्रित करण्यात आला. त्या भावावस्थेत पुन्हा शिरण्यास डाउनी सुरुवातीस अनुत्सुक होते, असे रुसो बंधूंनी सांगितले आहे. ज्या ठिकाणी डाउनी यांनी आयर्न मॅनच्या भूमिकेसाठी चाचणी दिली होती, त्याच्याजवळच हे पुनर्चित्रीकरण पार पडले. ही माहिती प्रसिद्ध झाल्यावर चाहत्यांच्या दृष्टीने त्या वाक्याला आणखी एक अर्थ प्राप्त झाला.

पुढील दृश्य तळ्याकाठच्या घरी होणाऱ्या अंत्यविधीचे आहे. पुष्पचक्रावर ठेवलेला जुना आर्क रिॲक्टर पाण्यावर सोडला जातो. टोनीला हृदय असल्याचा पुरावा, अशा अर्थाचा मजकूर कोरून पेपरने पहिल्या चित्रपटात त्याला दिलेली ती भेट होती. त्यानंतर कॅमेरा उपस्थितांवरून सावकाश फिरत जातो. मालिकेतील बहुतेक प्रमुख पात्रे या एकाच दृश्यात संवादाविना दिसतात. गुप्ततेसाठी या चित्रीकरणाचा उल्लेख विवाहाचे दृश्य असा केला जात होता.

यानंतर स्टीव्ह रॉजर्स इन्फिनिटी स्टोन्स त्यांच्या मूळ काळात परत ठेवण्यासाठी जातो आणि भूतकाळातच राहून प्रेयसी पेगी कार्टरसोबत आयुष्य घालवतो. वृद्ध होऊन परतल्यावर तो आपली ढाल सॅम विल्सनच्या हाती सोपवतो. स्टीव्ह आणि पेगी यांचे नृत्य हे चित्रपटाचे अखेरचे दृश्य आहे. २०११ सालच्या कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अव्हेंजर या चित्रपटात अपुरे राहिलेले नृत्याचे वचन येथे पूर्ण होते.

मार्व्हलच्या परंपरेनुसार श्रेयनामावलीनंतर येणारे अतिरिक्त दृश्य मूळ आवृत्तीत नव्हते. त्याऐवजी धातूवर हातोडा पडण्याचा आवाज ऐकू येतो. टोनीने पहिल्या चित्रपटात गुहेत कैदेत असताना आपले चिलखत घडवले, त्या प्रसंगाची आठवण त्यातून करून दिली जाते. श्रेयनामावलीत मूळ सहा अव्हेंजर्सच्या अभिनेत्यांच्या स्वाक्षऱ्या दाखवल्या आहेत. या दोन्ही गोष्टी चाहत्यांनी निरोपाची खूण म्हणून पाहिल्या.

गुप्तता आणि स्पॉयलर

प्रदर्शनापूर्वी एप्रिल २०१९च्या मध्यास चित्रपटातील काही दृश्ये फुटली. त्यानंतर रुसो बंधूंनी चाहत्यांना उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केले आणि शेवट उघड न करण्याची विनंती केली. या मोहिमेसाठी वापरलेला हॅशटॅग अनेक देशांत पसरला. कथानक कळू नये म्हणून अनेकांनी चित्रपट पाहीपर्यंत समाजमाध्यमांपासून दूर राहणे पसंत केले. ६ मे २०१९ पासून कथानकाविषयी मोकळेपणाने बोलण्यास हरकत नाही, असे दिग्दर्शकांनी नंतर जाहीर केले.

रहस्यभंग करणाऱ्यांविषयीचा रोष काही ठिकाणी तीव्र होता. हाँगकाँगमध्ये चित्रपटगृहाबाहेर मोठ्याने शेवट सांगणाऱ्या एका व्यक्तीला मारहाण झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. अमेरिकेत एका व्यावसायिक फुटबॉलपटूने टोनीच्या मृत्यूची माहिती समाजमाध्यमावर उघड केल्याने त्याच्यावर टीकेची झोड उठली.

रहस्यभंगामुळे आनंद खरोखर कमी होतो का, याविषयी संशोधकांत एकमत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लघुकथांचा शेवट आधी कळलेल्या वाचकांना त्या कथा उलट अधिक आवडल्याचे दिसले होते. नंतरच्या काही अभ्यासांचे निष्कर्ष याहून वेगळे आहेत. एंडगेमच्या बाबतीत मात्र शेवट इतर प्रेक्षकांसोबत, एकाच वेळी आणि प्रथमच अनुभवणे ही गोष्टच चाहत्यांना मोलाची वाटत होती.

प्रदर्शनावेळच्या प्रतिक्रिया

चित्रपटाचा पहिला खेळ २२ एप्रिल २०१९ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. चीन व ऑस्ट्रेलियासह काही देशांत तो २४ एप्रिलला, तर अमेरिका आणि भारतात २६ एप्रिलला प्रदर्शित झाला. पहिल्या आठवड्याअखेरीस त्याने जगभरात सुमारे १२० कोटी डॉलरचा गल्ला जमवला. अमेरिकेतील एएमसी साखळीची काही चित्रपटगृहे सलग ७२ तास सुरू ठेवण्यात आली होती. प्रेक्षकांचा कौल घेणाऱ्या सिनेमास्कोर या संस्थेच्या पाहणीत चित्रपटाला ए-प्लस ही सर्वोच्च श्रेणी मिळाली.

चित्रपटगृहातील प्रतिक्रियांचे दोन टोकांचे क्षण होते. कॅप्टन अमेरिका थॉरचा म्योल्नीर हा हातोडा उचलतो आणि त्यानंतर विरून गेलेली सर्व पात्रे युद्धभूमीवर परततात, त्या वेळी अनेक ठिकाणी प्रेक्षकांनी उभे राहून जल्लोष केला. याच प्रेक्षागृहांत अवघ्या काही मिनिटांनी टोनीच्या मृत्यूवेळी शांतता पसरल्याचे आणि हुंदके ऐकू आल्याचे प्रेक्षकांनी नोंदवले आहे. तीन तास एक मिनिट लांबीच्या या चित्रपटात आनंद व शोक यांचे इतके निकट येणे हे त्याच्या परिणामाचे एक कारण मानले जाते.

चीनमधील निंगबो शहरात एका तरुणीला चित्रपट पाहताना अति रडल्यामुळे श्वासोच्छ्वासाचा त्रास झाला आणि तिला रुग्णालयात न्यावे लागले, असे वृत्त प्रसिद्ध झाले होते. हे टोकाचे उदाहरण जगभरातील माध्यमांनी उचलून धरले. डोळे पुसत बाहेर पडणारे प्रेक्षक हे दृश्य मात्र सर्वत्र दिसणारे होते.

२०२० साली कोविड-१९च्या साथीमुळे चित्रपटगृहे बंद झाल्यानंतर प्रेक्षागृहातील या जल्लोषाच्या ध्वनिचित्रफिती पुन्हा मोठ्या प्रमाणावर पाहिल्या गेल्या. सामूहिक अनुभवाची आठवण म्हणून त्यांना वेगळे महत्त्व प्राप्त झाले.

भारतातील प्रतिसाद

भारतात हा चित्रपट इंग्रजीसह हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत प्रदर्शित झाला. मराठी आवृत्ती नसल्याने महाराष्ट्रातील प्रेक्षकांनी तो प्रामुख्याने इंग्रजी व हिंदीतून पाहिला. प्रदर्शनापूर्वी जो रुसो मुंबईत आले होते. भारतीय चाहत्यांसाठी ए. आर. रहमान यांनी संगीतबद्ध केलेले विशेष गीतही त्याच वेळी प्रकाशित करण्यात आले. मागणीमुळे मुंबईसह काही शहरांत मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे खेळ लावण्यात आले. पहिल्या दिवशी चित्रपटाने भारतात सुमारे ५३ कोटी रुपयांची निव्वळ कमाई केली. तोपर्यंत कोणत्याही हॉलीवूडपटाला भारतात पहिल्या दिवशी एवढी कमाई करता आली नव्हती.

आवाजाच्या निवडीवरून झालेला वाद हे भारतातील प्रतिसादाचे वैशिष्ट्य होते. तमिळ आवृत्तीत आयर्न मॅनला अभिनेते विजय सेतुपती यांचा आवाज देण्यात आला. आधीच्या चित्रपटांतील परिचित आवाज बदलल्यामुळे तमिळ चाहत्यांपैकी अनेकांनी नाराजी व्यक्त केली. ज्या पात्राचा निरोप घ्यायचा आहे, त्याचा आवाजच शेवटच्या भेटीत अनोळखी वाटावा, ही त्यांची तक्रार होती. भाषांतरित चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाचे नाते पडद्यावरील चेहऱ्याइतकेच आवाजाशीही जडलेले असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

टोनी स्टार्कविषयीचा शोक

टोनीच्या मृत्यूनंतर त्याची लहान मुलगी मॉर्गन हिच्याशी संबंधित प्रसंग चाहत्यांच्या सर्वाधिक स्मरणात राहिले. झोपण्यापूर्वी ती वडिलांवरचे आपले प्रेम ३००० या आकड्यात मोजते. अंत्यविधीपूर्वी दाखवलेल्या ध्वनिमुद्रित संदेशात टोनी तोच आकडा तिला परत देतो. ही शब्दयोजना डाउनी यांच्या स्वतःच्या मुलांच्या बोलण्यातून आल्याचे रुसो बंधूंनी सांगितले. हा आकडा पुढे टोनीला निरोप देण्याचे बोधवाक्य बनला. कपड्यांवर, भित्तिचित्रांवर आणि चाहत्यांनी केलेल्या गोंदणांतही तो दिसू लागला. मालिकेतील २२ चित्रपट आणि त्यानंतरचा स्पायडर-मॅन: फार फ्रॉम होम यांची एकत्रित लांबी जवळपास ३००० मिनिटे भरते, असा हिशेबही चाहत्यांनी मांडला. 

बारकाईने पाहणाऱ्या चाहत्यांनी शेवटातील अनेक दुवे शोधून काढले. वडिलांच्या अंत्यविधीनंतर मॉर्गन चीजबर्गर मागते. पहिल्या चित्रपटात कैदेतून सुटून आल्यावर टोनीनेही हीच मागणी केली होती. अंत्यविधीस एकटा उभा असलेला तरुण कोण, असा प्रश्न अनेकांना पडला. तो आयर्न मॅन ३ मध्ये टोनीला मदत करणारा हार्ली कीनर हा मुलगा असल्याचे नंतर स्पष्ट झाले.

चित्रपटाच्या घरगुती आवृत्तीसोबत जुलै २०१९ मध्ये वगळलेले एक दृश्य उपलब्ध झाले. त्यात टोनीच्या मृत्यूनंतर युद्धभूमीवरील सर्व अव्हेंजर्स गुडघे टेकून त्याला मानवंदना देतात. काहींना हे दृश्य ठेवायला हवे होते असे वाटले, तर काहींच्या मते त्यानंतर लगेच येणाऱ्या अंत्यविधीचा परिणाम त्यामुळे उणावला असता.

पात्राची स्मृती प्रत्यक्ष जगातही जपली गेली. इटलीतील फोर्ते देई मार्मी या गावी आयर्न मॅनचा पुतळा उभारण्यात आला. २०२१ साली लॉस एंजेलिसमध्ये चाहत्यांनी एक जाहिरात फलक लावून टोनीला पुन्हा जिवंत करण्याची मागणी केली. या मागणीला चाहत्यांमधूनच विरोध झाला. मृत्यू मागे घेतला तर त्यागाला अर्थ उरणार नाही, असा विरोधकांचा युक्तिवाद होता.

जुलै २०१९ मध्ये प्रदर्शित झालेल्या स्पायडर-मॅन: फार फ्रॉम होम या चित्रपटाने हा शोक कथेतही आणला. त्यात टोनीच्या स्मरणार्थ काढलेली भित्तिचित्रे व विद्यार्थ्यांनी तयार केलेली श्रद्धांजलीची चित्रफीत दिसते.

स्टीव्ह रॉजर्सच्या शेवटावरील वाद

स्टीव्ह रॉजर्सचा शेवट सुखान्त असूनही अधिक वादग्रस्त ठरला. दुसऱ्या महायुद्धात बर्फात गाडला गेलेला आणि सुमारे सात दशकांनी जागा झालेला हा सैनिक आयुष्यभर कर्तव्यालाच जोडलेला होता. त्याला अखेर स्वतःचे आयुष्य लाभले, याचे समर्थकांनी स्वागत केले. टोनी आणि स्टीव्ह यांचे प्रवास परस्परविरुद्ध दिशांनी पूर्ण होतात, असे या बाजूचे म्हणणे आहे. स्वतःपुरते पाहणारा टोनी इतरांसाठी मरतो आणि इतरांसाठी जगलेला स्टीव्ह स्वतःसाठी जगतो.

विरोधी बाजूचे आक्षेप तीन प्रकारचे होते. पहिला आक्षेप मैत्रीचा होता. ज्या बकी बार्न्ससाठी स्टीव्हने आधीच्या चित्रपटांत सर्वस्व पणाला लावले, त्याला तो वर्तमानात एकटे सोडून जातो. दुसरा आक्षेप पेगीच्या आयुष्याविषयी होता. तिने विवाह करून स्वतंत्र कर्तृत्व गाजवल्याचे आधीच्या चित्रपटांतून सूचित झाले होते, त्या आयुष्याचे काय झाले, असा प्रश्न विचारला गेला. तिसरा आक्षेप तर्काचा होता. भूतकाळात गेलेल्या स्टीव्हने पुढे घडणारे अनर्थ ठाऊक असूनही स्वस्थ बसणे त्याच्या स्वभावाशी विसंगत असल्याचे अनेकांना वाटले.

या वादात निर्मात्यांमध्येही एकवाक्यता नव्हती. स्टीव्हने वेगळ्या समांतर कालरेषेत आयुष्य काढले, असे दिग्दर्शकांनी मुलाखतींत सांगितले. याउलट तो मूळ कालरेषेतच पेगीचा पती म्हणून राहिला, अशी पटकथाकारांची धारणा होती. दोन्ही स्पष्टीकरणांना आधार सापडत असल्याने चर्चा मिटली नाही.

नताशा रोमानॉफ आणि थॉर यांच्या चित्रणावरील टीका

नताशा रोमानॉफ व्होर्मिर ग्रहावर सोल स्टोन मिळवण्यासाठी प्राण देते. २०१०च्या आयर्न मॅन २ पासून मालिकेत असलेल्या या पात्राचा मृत्यू चित्रपटाच्या मध्यंतरीच्या भागात येतो. सहकारी काही क्षण शोक करतात आणि कथा पुढे सरकते. शेवटी टोनीसाठी भव्य अंत्यविधी होतो, नताशासाठी मात्र स्वतंत्र प्रसंग नाही. तोपर्यंत तिच्या नावाचा स्वतंत्र चित्रपटही आलेला नव्हता. मूळ सहा जणांतील एकमेव स्त्रीच्या वाट्याला सर्वांत कमी निरोप आला, अशी टीका विशेषतः स्त्री चाहत्यांनी केली.

टोनी हा सार्वजनिक जीवनातील अतिप्रसिद्ध माणूस होता आणि नताशा स्वभावतः गूढ राहिली, म्हणून तिचा अंत्यविधी दाखवला नाही, असे पटकथाकारांचे स्पष्टीकरण होते. व्होर्मिरवर क्लिंट बार्टनने मरावे, असाही पर्याय लेखनाच्या काळात विचारात होता. मात्र स्वतःच्या पापाचे परिमार्जन करण्याची संधी नताशाकडून हिरावून घेऊ नये, असे मत निर्मितीसंघातील एका स्त्री सदस्याने मांडल्याचे पटकथाकारांनी सांगितले आहे. त्यामुळे नताशाचा मृत्यू तिचा स्वतःचा निर्णय म्हणून पाहावा की दुय्यम वागणूक म्हणून, याविषयी मते विभागलेली राहिली. २०२१ साली आलेल्या ब्लॅक विडो या चित्रपटाच्या श्रेयनामावलीनंतरच्या दृश्यात तिची समाधी आणि तेथे आलेली तिची बहीण दाखवण्यात आली.

थॉरच्या चित्रणावरही टीका झाली. पराभवाच्या अपराधभावनेने तो मद्यपान करू लागतो आणि त्याचे वजन वाढते. खचलेल्या मनःस्थितीच्या या चित्रणातून विनोद काढला गेल्याबद्दल काहींनी आक्षेप घेतला. दुसऱ्या बाजूस, पूर्वीची देहयष्टी नसतानाही तो हातोडा उचलण्यास पात्र ठरतो, ही बाब अनेकांना आश्वासक वाटली.

मानसशास्त्रीय विवेचन

काल्पनिक किंवा माध्यमांतून परिचित झालेल्या व्यक्तींशी प्रेक्षकाचे जे एकतर्फी नाते जुळते, त्यासाठी डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ साली परासामाजिक आंतरक्रिया ही संकल्पना मांडली. पडद्यावरील व्यक्ती प्रेक्षकाला ओळखत नाही, तरीही वारंवार होणाऱ्या भेटींतून प्रेक्षकाच्या मनात ओळख, जिव्हाळा आणि विश्वास निर्माण होतो. असे नाते तुटल्यावर होणाऱ्या दुःखाचाही पुढे अभ्यास झाला. मालिका संपल्यावर प्रेक्षकाला जाणवणारी हुरहुर प्रत्यक्ष नात्यातील ताटातुटीसारखीच, पण सहसा तिच्याहून सौम्य असल्याचे या अभ्यासांत दिसते.

समाज ज्याला उघड मान्यता देत नाही अशा शोकासाठी केनेथ डोका यांनी १९८९ साली अमान्य शोक ही संकल्पना रूढ केली. काल्पनिक पात्रासाठी रडणाऱ्या प्रौढ माणसाची सहसा थट्टा होते. एंडगेमच्या बाबतीत मात्र हजारो लोक एकाच वेळी तेच अनुभवत होते आणि अंत्यविधीच्या दृश्याने शोकाचा एक विधीच पडद्यावर घडवून दाखवला. मालिकेतील सर्व पात्रे स्तब्ध उभी असताना प्रेक्षकही त्या रांगेतील एक होतो. त्यामुळे थट्टेची भीती या वेळी पुष्कळशी उरली नाही.

पूर्वीची उदाहरणे

लोकप्रिय नायकाच्या मृत्यूवरील सार्वजनिक शोकाची परंपरा जुनी आहे. डिसेंबर १८९३ मध्ये स्ट्रँड मासिकात आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सचा मृत्यू घडवला, तेव्हा अनेक वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केल्याचे सांगितले जाते. वाचकांच्या आणि प्रकाशकांच्या आग्रहानंतर १९०३ साली होम्स जिवंत परतला. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा चित्रकथा-अंक प्रसिद्ध झाला, त्याच्या विशेष आवृत्तीसोबत शोकाची काळी फीतही देण्यात आली होती. पुढच्याच वर्षी सुपरमॅन परतला. चित्रकथांत मृत्यू कायमचा नसतो, हा वाचकांचा अनुभव अशा घटनांतून दृढ झाला. एंडगेममधील मृत्यू मागे घेतला जाणार नाही, असा विश्वास निर्माण होणे हा त्याच्या परिणामाचा महत्त्वाचा भाग होता.

पुढील घडामोडी

जुलै २०१९ मध्ये एंडगेमने अवतारला मागे टाकून जगातील सर्वाधिक कमाईचा चित्रपट होण्याचा मान मिळवला. मार्च २०२१ मध्ये चीनमधील पुनःप्रदर्शनामुळे अवतारने तो मान परत मिळवला. एंडगेमची एकूण कमाई सुमारे २८० कोटी डॉलर आहे. जून २०१९ मध्ये एमटीव्ही पुरस्कारांत एंडगेम सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि डाउनी सर्वोत्कृष्ट नायक ठरले. ऑस्करसाठी मात्र त्याला केवळ दृश्यपरिणाम या विभागात नामांकन मिळाले. डाउनी यांना अभिनयाचे नामांकन न मिळाल्याबद्दल चाहत्यांनी खंत व्यक्त केली.

२०२० साली ब्लॅक पँथरची भूमिका करणारे चॅडविक बोझमन यांचे निधन झाले. २०२२ सालचा ब्लॅक पँथर: वकांडा फॉरेव्हर हा चित्रपट त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. एंडगेममध्ये प्रेक्षकांनी जिवंत अभिनेत्याच्या पात्राचा शोक केला होता. येथे पात्राच्या अंत्यविधीत अभिनेत्याचा खरा मृत्यू मिसळलेला होता.

२७ जुलै २०२४ रोजी सॅन डिएगो कॉमिक-कॉन येथे रॉबर्ट डाउनी ज्युनियर हे अव्हेंजर्स: डूम्सडे या चित्रपटात डॉक्टर डूम या खलनायकाच्या भूमिकेत परतणार असल्याची घोषणा झाली. सभागृहातील चाहत्यांनी जल्लोषात तिचे स्वागत केले. त्याच वेळी, ज्या चेहऱ्याला अश्रूंनी निरोप दिला तोच चेहरा दुसऱ्या रूपात आल्याने २०१९च्या निरोपाचे गांभीर्य कमी होईल, अशी शंकाही अनेकांनी व्यक्त केली.

हे सुद्धा पाहा

मार्व्हल सिनेमॅटिक युनिव्हर्स
अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर
आयर्न मॅन
कॅप्टन अमेरिका
ब्लॅक विडो
शेरलॉक होम्स